चारशे किलोंचा प्रतिभार

चांद्रतळाच्या अवजारशाळेबाहेर छोटा ट्रॅक्टर नाक खुपसून उभा होता. पुढचं सुपडं मातीने भरून उचललं की मागची चाकं अधांतरी. सकाळपासून तीनदा झालं.

"बाई, हा काय प्रकार?" डॉ. चारुदत्त मोकाशींनी काचेतून पाहत विचारलं. संस्थेचे संचालक कालच पृथ्वीवरून उद्घाटनाला आले होते.

"मागे प्रतिभार कमी पडतोय, सर. मी चारशे किलो मागितले होते. तुम्ही सदुसष्ट पाठवलेत."

अवजारांची यादी तळाची अभियंता रेवती गुंडावारनेच केली होती. नांगर आणि माती सपाट करायची फळी तिने आपल्या हाताने खोडली. राहत्या घुमटावर माती टाकायची, तर पुढे सुपडं आणि मागे निखळ लोखंड, बस. मोकाशींनी त्या लोखंडाला सहाने भागलं.

"चंद्रावर सगळंच एक षष्ठांश. साधं गणित आहे."

"मातीचं वजन घटलं तसं लोखंडाचंही घटलं, सर. तराजूची दोन्ही पारडी सारखीच हलकी झाली. सुपड्यातलं वस्तुमान तेवढंच आहे, तर मागेही तेवढंच लागणार."

"हे आधी सांगायचं."

"चार पत्रं पाठवली."

सौरवादळ सात तासांवर आलं होतं. तोवर घुमटावर मातीचा थर पडला नाही, तर आतली अठरा माणसं किरणोत्सारात भाजून निघणार. अर्ध्या सुपड्याने तेरा तास लागत होते, भरल्या सुपड्याने साडेसहा.

रेवतीने वही उघडली. "तीनशे तेहतीस कमी आहेत. तुमची कोनशिला एकशे अठरा." ती शिला यानात लोखंडाच्या वाचलेल्या जागेत आली होती. तिच्यावर सात नावं होती, रेवतीचं नव्हतं. "तुमचा अंतराळ-पोशाख एकशे वीस. आणि तुम्ही, सर?"

मोकाशी पुटपुटले, "पंच्याण्णव."

"तंतोतंत."

"मी मागे बसू? माझं काही वजन आहे की नाही?"

"वजन इथे फारसं राहिलेलं नाही, सर. वस्तुमान मात्र सगळंच्या सगळं आहे. आणि बाकीचे सोळा जण घुमटाच्या शिवणी तपासताहेत. रिकामे तुम्हीच."

बावीस वर्षांपूर्वी एका चाचणी-मैदानावर पाहुण्यांसमोर असाच एक ट्रॅक्टर नाकावर गेला होता. त्याची मागची जोडणी रेवतीने आखली होती. मोकाशी तिला म्हणाले होते, "तुम्ही बसा मागे, रिकाम्याच आहात. वस्तुमान कुणाचंही चालतं." पाहुणे पोट धरून हसले. छायाचित्राखाली छापून आलं, 'डॉ. मोकाशी आणि त्यांचा ट्रॅक्टर'. ते कात्रण तिच्याबरोबर चंद्रावर आलं होतं. वैयक्तिक सामानात दोन ग्रॅम.

उद्घाटनाचं थेट प्रक्षेपण ठरल्या वेळी झालं. मांडीवर कोनशिला घेतलेले संचालक प्रत्येक खड्ड्याला सावकाश वर जात आणि सावकाश खाली येत. दोनशे बारा सुपडी पडली. मागचं चाक एकदाही उचललं गेलं नाही.

आत आल्यावर मोकाशींनी शिरस्त्राण काढलं. गुडघ्यांवरची राखाडी माती झटकता झटकता त्यांचा हात थांबला. दाराशी दोन रिकामी पिंपं सकाळपासून उभी होती. त्यांनी पिंपांकडे पाहिलं, मग हातातल्या मातीकडे.

"बाई, मागे ही पिंपंच मातीने भरून बांधली असती तर..."

"चाललं असतं, सर," रेवती हातमोजे काढत म्हणाली. "वस्तुमान कुणाचंही चालतं."