चौदा नंबरचा बिल्ला

यमुताईच्या नातीचं, भैरवीचं, लग्न ज्या वर्षी झालं ते वर्ष २०२३. लग्न नोव्हेंबरात उरकलं आणि डिसेंबर लागताच कोराडीजवळच्या सावळी तलावावर शिडाच्या होड्यांच्या क्लबाचा महिना सुरू झाला. चार रविवार, चार शर्यती. मध्ये कधी हुरडा पार्टी, कधी गाण्याची संध्याकाळ, कधी कुणा पाहुण्याचा सत्कार.

तिसऱ्या रविवारी रात्री आठला कळलं की शर्यतीत उतरलेला ऋषी ढोक घरी पोचलाच नाही. रात्रभर शोध चालला. सोमवारी सकाळी साडेसहाला यमुताईचा फोन वाजला. क्लबची मोटरबोट चालवणारा रोहित होता.

"माय, ऋषी सापडला."

"कुठं?"

"बाभळीच्या बेटामागं. होडी उलटी होती. पायाले दोर गुंडाळला होता."

जिवंत आहे का, हे तिने विचारलं नाही. रोहितच्या आवाजातच ते होतं.

यमुताईचं काम क्लबातल्या फळीचं. फळीवर वीस खिळे, खिळ्यांवर वीस नारिंगी बिल्ले, एका होडीला एक. पाण्यात जाताना आपला बिल्ला काढायचा आणि तरंगत्या जॅकेटला बांधायचा. परत आलं की खिळ्यावर टांगायचा. खिळे जाडे, बिल्ल्याचं भोक बारीक, म्हणून प्रत्येक बिल्ल्याला तिने काळ्या नायलॉनची तिपेडी दोरी स्वतः वळून लावलेली. फळी भरली की ती घंटा वाजवायची. घंटा झाल्याशिवाय मोटरबोटीने होड्यांवरचा पहारा सोडायचा नाही, हा क्लबाचा पहिला नियम.

रविवारी फळी भरलेली होती. घंटाही वाजली होती. आणि ऋषी पाण्यातच होता.

दहा वाजता सेक्रेटरी कृष्णकांत यांनी तिला ऑफिसात बोलावलं. टेबलावर एक टाईप केलेला कागद होता.

"यमुताई, वाईट वाटून घेऊ नका. तुमचं वय झालं. गर्दीत दुसऱ्याच कुणाचा बिल्ला ऋषीच्या, चौदाच्या खिळ्यावर गेला असेल. इथे अंगठा द्या. पोलिसांचा त्रास होणार नाही, मी बघतो."

"काय लिहिलं आहे?"

"हेच, की चूक तुमच्याकडून झाली."

"मग मी वाचून घेते."

कृष्णकांत थांबले. "तुम्हाला वाचता येतं?"

"बावन्नाव्या वर्षी शिकली. हळू वाचते, पण वाचते." तिने कागदाची घडी केली आणि पदरात बांधली. "आणि अंगठा नाही देत मी. सही करते. करायची असली तं."

"परवा शोकसभा आहे. तोवर देऊन टाका."

"पाहीन."

पोलीस चौकीत हवालदार सुशील तिचीच वाट पाहत होता.

"या माय. पंचनाम्यावर सही लागते तुमची. फळी तुमच्या ताब्यातली ना?"

"फळी कुठं आहे?"

"रात्रीच उचलून आणली. बिल्ले होते तसेच. हात नाही लावला कोणी."

दोन कागद होते. एक रात्री दुसऱ्या हवालदाराने लिहिलेला, एक सकाळी सुशीलने. यमुताईने चष्मा लावला आणि बोट ठेवून एकेक शब्द वाचू लागली. सुशीलने घड्याळ पाहिलं.

"सही कुठं करायची ते दाखवू का?"

"मले दिसते, गा. थांब जरा."

रात्रीच्या कागदावर होतं: फळीवर बिल्ले वीस. पैकी एकोणीस काळ्या दोरीत. क्रमांक चौदा निळ्या छापील फितीत.

सकाळच्या कागदावर होतं: मयताच्या जॅकेटला बांधलेला नारिंगी बिल्ला एक, क्रमांक चौदा, काळी दोरी.

तिने दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले.

"सुशील, क्लबात चौदा नंबरच्या होड्या किती?"

"एकच."

"मग बिल्ले दोन काहून?"

सुशील खुर्चीवरून उठला. त्याने कागद पाहिले, मग कपाट उघडलं.

"काय छापलं आहे फितीवर?" तिने विचारलं.

"क्लबाचं नाव. आणि २०२३."

 दुसरा बिल्ला कुठून आला हे यमुताईला ठाऊक होतं. मागच्या वर्षी चौदा नंबरची होडी पियूष चालवत होता. त्याने बिल्ला हरवला, म्हणून नवीन करावा लागला. या वर्षी ती होडी ऋषीला मिळाली, आणि महिन्याच्या आतापर्यंतच्या गुणांत ऋषी पहिला होता, पियूष दुसरा.

पियूष त्याच संध्याकाळी क्लबाच्या पायरीवर बसलेला सापडला. डोळे सुजलेले.

"हरवलेला बिल्ला सापडला होता का रे तुले?"

"हो आजी. गाडीच्या सीटखाली. पावसाळ्यात परत दिला."

"कोणाले?"

"ऑफिसात, कृष्णकांतकाकांच्या टेबलावर ठेवला. ते होते समोर."

"दोरी होती त्याले?"

"नव्हती. दोरी तुटली म्हणूनच तर पडला होता."

"ऋषी गेला. आता पहिला नंबर तुहा."

"नको मला तो नंबर!" पियूष ओरडलाच. "मी त्याला शेवटचं बेटाजवळ पाहिलं. किनाऱ्यावर आलो, फळीकडे बघितलं, चौदा लागलेला. म्हटलं, आला असेल. इकडे बक्षिसं घेत होतो मी, आजी. फोटो काढत होतो."

"दाखव फोटो."

त्याने मोबाईल पुढे केला. तीन विजेते, मध्ये हार घातलेला पाहुणा. पहिल्याच्या गळ्यात निळ्या फितीचं पदक. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याने पदक तळहातावर धरलेलं.

यमुताईने फोटो बराच वेळ पाहिला.

"हा मले पाहिजे. मोठा करून."

बुधवारी सभागृह भरलं होतं. पहिल्या रांगेत ऋषीची आई मधुवंती. कृष्णकांत बोलायला उभे राहिले. मानवी चूक, नशीब, जुनी माणसं, असं बरंच बोलले. मग म्हणाले, "यमुताईंनी मोठ्या मनाने चूक कबूल केली आहे."

"नाही केली," यमुताई मागून म्हणाली.

ती पुढे आली. पदराची गाठ सोडून तिने कागद काढला. "तीनदा वाचला. यातलं एकही वाक्य खरं नाही. सही करत नाही मी."

"ही जागा नाही, यमुताई..."

"हेच जागा आहे. ह्याच माणसांसमोर तुम्ही माह्यं नाव घेतलं. सुशील, काढ बाहेर."

सुशीलने दोन बिल्ले टेबलावर ठेवले.

"हा काळ्या दोरीचा ऋषीच्या जॅकेटवर होता. म्हणजे पोरगा परत आलाच नाही. हा निळ्या फितीचा फळीवर होता. पियूषनं हरवलेला, साहेबांच्या टेबलावर पोचलेला जुना बिल्ला. दोरीशिवाय खिळ्यावर बसत नव्हता. घाईत हाताशी काय होतं? पदकांची पेटी." तिने फोटो उंच धरला. "तिसरं पदक बिनफितीचं काहून? पेटी कोणाच्या कपाटात होती? किल्ली कोणाजवळ होती?"

 सगळे कृष्णकांतांकडे बघत होते.

"पावणेपाचला तुम्हीच मले गेटवर धाडलं, पाहुण्याले ओवाळायले. वापस आली तं तुम्ही ओरडले, फळी भरली, घंटा द्या. घंटा झाली आणि मोटरबोट पाहुण्याले फिरवायले निघाली. रोहित, बेटाकडं गेला होता का तू?"

"नाही माय. साहेब म्हणाले, बंधाऱ्याच्या बाजूनंच फिरव. तिकडं झेंडे लावले होते."

कृष्णकांतांनी खुर्चीची पाठ धरली. "त्यांचं सातचं विमान होतं. फळी भरल्याशिवाय बोट देता येत नव्हती. ऋषी कितीदा पलीकडच्या काठाला होडी लावून कॉलनीत निघून जायचा. मला वाटलं, तसाच गेला असेल. मी कुणाला मारलं नाही हो."

"नाही मारलं. त्याले शोधू दिलं नाही. आणि सकाळी कळल्यावर माह्या नावानं कागद टाईप केला. तो तं घाईत नाही ना केला?"

कृष्णकांत खाली बसले. सुशील त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला.

मधुवंतीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. "किती वेळ होता तो?"

सुशीलने टोपी काढली. "डॉक्टर म्हणतात, सहापर्यंत तरी जिवंत होता. जॅकेटची शिटी मुठीत होती. इकडं लाऊडस्पीकर चालू होता."

यमुताई तिच्यासमोर जमिनीवर बसली. "घंटा मी वाजवली, पोरी. रोज एकेक बिल्ला हातानं चाचपते. त्या दिवशी लांबूनच पाहिलं, नारिंगी दिसलं, वाजवली. तेवढं माह्यं आहे. ते मी कोणावर ढकलत नाही. पण त्यांचं मी उचलणार नाही."

मधुवंतीने तिच्याकडे पाहिलं. क्षमा केली नाही, नाकारलीही नाही. पर्समधून पेन काढून तिच्या हातात दिलं.

"मग तुम्हीच लिहा. जसं झालं तसं."

यमुताईने कृष्णकांतांचा कागद उलटा केला. कोऱ्या बाजूवर, एकेक अक्षर दाबून, ती लिहू लागली.  बराच वेळ लागला. शेवटच्या ओळीखाली तिने पूर्ण नावाने सही केली. ती ओळ अशी होती:

ऋषी विक्रम ढोक, वय एकोणीस, रविवार १७ डिसेंबर २०२३ ला संध्याकाळी सहाच्या सुमारास सावळी तलावात बुडून मेला.