तळघरातली मोरी

"घाण वास येतो म्हणून कोणी तपासाला माणूस बोलावतं का?" पायऱ्या उतरता उतरता भावोजींनी नाकाला रुमाल लावला. "प्लंबर बोलवा म्हणावं."

"बोलावला होता. दारातूनच वास घेतला आणि फरशी फोडावी लागेल म्हणून निघून गेला," वहिनी म्हणाल्या. "टॉर्च द्या इकडे."

वहिनी खासगी तपासाची कामं घेत. भावोजी त्यांचे धाकटे दीर. निवृत्त झाल्यापासून ते वहिनींबरोबर हिंडायचे, सामान धरायचे आणि कोणी न विचारता मत द्यायचे.

बोलावलं होतं ते या घरच्या मुलीने. ती परगावी शाळेत शिकवायची. तिची अंथरुणाला खिळलेली आई गेल्याच आठवड्यात या तळघरात वारली होती.

"दादा म्हणतो, उंदीर मेलाय," ती म्हणाली. "असेलही. पण आई शेवटचे दिवस या वासात पडून होती का, एवढं मला कळायला हवं. त्याशिवाय मला चैन पडणार नाही."

खोली आवरलेली होती. भिंतीशी लोखंडी कॉट, उशाशी भिंतीवरून गेलेला पाण्याचा पाइप आणि कॉटला लागूनच बसकी मोरी. मोरीवर नळ, तळाला जाळी. जागोजाग डांबराच्या गोळ्या टांगल्या होत्या, पण वास त्यांनाही पुरून उरला होता.

वहिनींनी नळ फिरवला. थेंबही आला नाही.

"व्हॉल्व्ह बंद केलाय," मागून आवाज आला. दादा दारात उभा होता. बोलणं मऊ, चेहरा उतरलेला. "बाहेर जिन्यात आहे. आई गेली त्याच दिवशी बंद केला. आता इथे पाणी लागतंय कोणाला?"

"आईंचं कोण करायचं?"

"आधी आया होती. ती मधेच सोडून गेली, मग मीच. रोज इथेच मोरीवर अंघोळ घालायचो. शेवटच्या दिवशीसुद्धा घातली."

"तुमची फिरतीची नोकरी ना?"

"आया गेल्यापासून गाव सोडलं नाही मी."

"आणि हा वास?"

"आई गेल्यावर सुरू झाला."

भावोजींना भरून आलं. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं ते म्हणालेही. वहिनी मात्र गुडघे टेकून मोरीपाशी बसल्या होत्या. त्यांनी जाळी उचलली, भावोजींची छत्री मागून घेतली आणि तिचं टोक खालच्या वाकड्या पाइपात घातलं. टोक बाहेर आलं ते नुसतं धुळीने माखलेलं.

मग त्या कॉटवर आडव्या झाल्या आणि पाइपाकडे बघत राहिल्या. हात पोचेल एवढ्या उंचीवर पाइपाचा रंग टवके उडून गेला होता.

"गंज धरलाय," भावोजी म्हणाले.

वहिनींनी कॉटखालचा स्टीलचा पेला उचलला. त्याची कड एका बाजूने पार चेपली होती.

शेजारी शिंप्याचं दुकान होतं. तळघराचा झरोका त्याच्या खिडकीसमोरच यायचा. उकाडा असूनही खिडकी घट्ट लावलेली होती.

"काय करणार बाई," शिंपी म्हणाला. "गटारासारखा वास. गिऱ्हाईक उंबऱ्यातूनच परत जायचं."

"आजी गेल्यापासून ना?" भावोजींनी विचारलं.

"छे! बरंच आधीपासून. आणि त्यात भर म्हणजे त्या तळघरातला पाइप. हवा धरली की वाजतो ना, तसा टकटक वाजायचा. आजी गेल्या त्याच्या आधी दोन दिवस डोकं उठवलं. मग थांबला आपोआप."

"दादांना सांगितलं नाही?"

"सांगणार होतो. पण ते तेव्हा गावाला गेलेले. माझ्याकडूनच शर्ट घाईघाईने इस्त्री करून नेला होता."

आया गल्लीच्या टोकाला राहायची. तिचे डोळे लगेच भरले. "मी सोडलं नाही हो, मला काढलं. आजी नळ बंद करायचाच विसरायच्या. एकदा जाळीवर फडकं अडकून खोलीभर पाणी झालं आणि दादांच्या मालाचे खोके भिजले. काय तापले ते! म्हणाले, उद्यापासून येऊ नकोस, मी बघतो."

"आजी पाणी प्यायच्या कशा?"

"पडल्या पडल्या पेला नळाखाली धरायच्या. हात पुरायचा त्यांचा. सारखी तहान लागायची त्यांना."

मृत्यूचा दाखला देणारे डॉक्टर जरा घुश्शातच बोलले. "डोळे खोल गेलेले, जीभ सुकलेली. कातडी चिमटीत धरली तर तशीच राहत होती. या वयात असं होतं, बाई. घरात एवढी सेवा करणारा मुलगा असताना शंका कशाची घ्यायची?"

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनींनी दादाला, त्याच्या बहिणीला आणि डॉक्टरांना तळघरात जमवलं. भावोजींनी वरून बादली भरून आणली.

"ओता," वहिनी म्हणाल्या.

पाणी घुटघुट करत जाळीखाली गेलं. वहिनींनी झरोका उघडला आणि सगळ्यांना थांबायला लावलं. हळूहळू वास विरत गेला. अर्ध्या तासाने त्यांनी पुन्हा छत्री पाइपात घातली. या वेळी टोक बोटभर भिजून आलं.

"उंदीर नाही आणि फुटका पाइपही नाही, कारण पाणी टिकलंय," वहिनी म्हणाल्या. "मोरीखालच्या वाकड्या पाइपात थोडं पाणी कायम अडून असतं. तेच गटाराच्या हवेचं बूच. मोरी वापरात असेल तर ते भरलेलं राहतं. इथलं पार आटलं होतं."

"उकाड्याने आटलं असेल की," भावोजी म्हणाले.

"आटलं उकाड्यानेच. पण आठवड्यात नाही आटत, भावोजी. त्याला कितीतरी दिवस लागतात. आणि शिंप्याने खिडकी लावली तेव्हा आई जिवंत होत्या. म्हणजे त्या हयात असतानाच या मोरीत पाणी पडायचं थांबलं होतं. रोजची अंघोळ खोटी. व्हॉल्व्ह आई गेल्यावर बंद केला, हेही खोटं. तो बंद झाला खोके भिजले तेव्हा."



"अंघोळ नाही घातली म्हणून माणूस मरत नाही," डॉक्टर अडखळत म्हणाले.

"नाही मरत. पिण्याचं पाणी वरून येत होतं. म्हणजे दादा घरी असेपर्यंत. ते गाव सोडून गेले तेव्हा आणून देणारं कोणी उरलं नाही. आईंना उठता येत नव्हतं. हाताशी होता तो नळ कोरडा." वहिनींनी पेल्याची चेपलेली कड पाइपावरच्या टवक्यांना लावली. "शिंपी म्हणाला, पाइपात हवा धरली होती. पाइपात हवा नव्हती. आई हाक मारत होत्या. तुम्ही बघितलेली जीभ वयाने सुकली नव्हती, डॉक्टर."



"पाण्याचा जग भरून ठेवला होता मी," दादा एकदम म्हणाला. "मोठा जग. दोन दिवसांचं काम होतं, ते लांबलं. मला वाटलं, पुरेल. नळ चालू ठेवला असता तर पुन्हा सगळं..."

"मी फोन केला तेव्हा तू म्हणालास, आई झोपलीये," बहिणीने विचारलं. "कुठून बोलत होतास?"



डॉक्टरांनी स्वतःच पोलिसांना फोन लावला. आपणच दिलेला दाखला चुकीचा होता, हेही सांगितलं. भावोजी पायरीवर बसून राहिले. कालचे आपले शब्द आठवून त्यांना कोणाकडे बघवेना.

पोलीस दादाला घेऊन निघाले तोवर दारासमोर अर्धी गल्ली जमली होती.

"काय झालं हो? कशाला नेतायत बिचाऱ्याला?" कोणीतरी विचारलं. "आईचं किती केलं त्याने! आमच्या पोरांनी बघून शिकावं."

भावोजींनी दादाच्या बहिणीचा दंड धरला. "चल बाळ, आत चल. लोकांना काय सांगायचं?"

तिने हात सोडवून घेतला. ती पायरीवर उभी राहिली आणि वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "माझी आई म्हातारपणाने गेली नाही. तिला कोणी पाणी दिलं नाही. दोन दिवस ती पाइप वाजवून मागत होती."

शिंपी दुकानाच्या दारात उभा होता. तो आत गेला आणि त्याने शटर ओढून घेतलं.