पाहुणचाराची पेटी

धाकटीला गादी हवी होती, एवढंच निमित्त. वसतिगृहात नवीन आलेल्या मुलीनं आपली गादी कोठीच्या खोलीतून स्वतः आणायची, आणि तिची मावसबहीण, थोरली, तिथंच दुसऱ्या वर्षाला होती. मावशीनं निघताना दहादा बजावलं होतं, "पोरगी दम्याची आहे गं. तुझ्या भरवशावर पाठवतेय." थोरलीनं मान डोलावली होती. मान डोलवायला काय जातं!

रविवारची दुपार. वॉर्डनबाई जेवून आडव्या झालेल्या, वीज गेलेली. कोठीच्या खोलीला खिडकी नाही. आत डांबराच्या गोळ्यांचा आणि ओलसर कापसाचा वास कोंडलेला. दोघी मेणबत्ती घेऊन शिरल्या, तर मुकादम तिथं आधीच हजर. मुकादम म्हणजे शेवटच्या वर्षाची मुलगी. सारखे हुकूम सोडते म्हणून पोरींनी ठेवलेलं नाव. सोबत तिच्या दोघी मैत्रिणी, हातात चहाचे पेले. तिघी बसल्या होत्या गाद्या ठेवायच्या लाकडी पेटीवर. चांगली माणूस झोपेल एवढी लांब पेटी, वर लोखंडी कडी.

"या पाहुण्या!" मुकादम म्हणाली. "पाहुणचार व्हायचाय ना तुमचा?"

पाहुणचार म्हणजे नवीन मुलीनं पेटीत पडायचं आणि बाकीच्यांनी वरून कडी लावायची. बाहेरून दोन ठोके मारले की तिनं आतून दोन द्यायचे. उत्तर येतंय तोवर पाहुणी मजेत आहे असं समजायचं, थांबलं की उघडायचं. चहा संपेपर्यंत टिकली तर ती शूर. कुणी काढलं हे खूळ, कुणास ठाऊक. आम्ही सोसलं, आता तुम्ही सोसा, एवढंच त्यामागचं शहाणपण. चांगल्या शिकल्यासवरल्या पोरी, पण अशा वेळी अक्कल कुठं चरायला जाते देव जाणे.

"हिला दमा आहे," थोरली पुटपुटली.

"असू दे की! तुझीच बहीण ना? गेल्या साली तू काय ठोकत होतीस बाई, शेवटपर्यंत एका लयीत! तुझ्यासारखी शूर दुसरी कुणी झाली नाही अजून."

धाकटीनं वळून पाहिलं. "ताई, तू पण गेली होतीस? मग जाते मी."

थोरलीच्या तोंडून 'नको' निघायला हवं होतं. निघालं नाही. धाकटी ओढणी सावरत आत उतरली, झाकण पडलं, कडी बसली.

मुकादमनं ठोकलं. ठक ठक. आतून आलं, ठक ठक. पोरी खिदळल्या आणि चहा प्यायला लागल्या.

थोरलीला मात्र चैन पडेना. ती दारापर्यंत जाई, परत येई, मेणबत्ती या हातातून त्या हातात घेई. कारण एक गोष्ट तिनं कुणालाच सांगितली नव्हती. गेल्या वर्षी पेटीत तिनं ठोकलंच नव्हतं. भीतीनं दोन्ही मुठी तोंडात कोंबून ती नुसती पडून राहिली होती. आत ठकठक ऐकू येत होती खरी, पण ती आपल्याच छातीतली, असं तिला वाटलं होतं. बाहेर आल्यावर सगळ्यांनी पाठ थोपटली. आयती शाबासकी कोण नाकारतं?

"उघडा," ती म्हणाली.

"अगं, ठोकतेय ना ती!"

"धाकटे... ए... बोल ना काहीतरी..."

आतून ठक ठक. सावकाश, शांत. घाबरलेली दम्याची पोर अशी ठोकेल?

थोरलीनं हात उचलला. बोटं लाकडाला लागायच्या आतच आतून आलं... ठक ठक.

मुकादमचा पेला ओठापाशीच थांबला. थोरलीनं तिला ढकलून कडी ओढली.

धाकटी कुशीवर पडली होती. ओठ निळे पडलेले, दोन्ही हात ओढणीत गुरफटून पोटाशी दाबलेले. पेटीत दुसरं काही नव्हतं.

मग एकच धावपळ. बाकीच्या तिघी रडत होत्या, आणि मुकादमच धाकटीला पाठीवर घेऊन जिना उतरली.

दवाखान्यात उन्हं कलली तेव्हा धाकटीनं डोळे उघडले. तोंडावरची वाफेची नळी बाजूला करून ती हळूच म्हणाली, "ताई, मी नव्हते ठोकत गं. माझ्या पाठीला चिकटून कुणीतरी होतं... ते ठोकायचं. मी म्हटलं, नको ना, त्या उघडणार नाहीत... तर आणखीच चिकटलं."

"आता नाहीये ना कुणी. मी उघडली ना पेटी?"

"हो. पण मग ते गेलं कुठं?"

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. धाकटीला बसवून, तिच्या पाठीला स्टेथोस्कोप लावून त्यांनी बोटानं ठोकून पाहिलं. थबकल्या. पुन्हा ठोकलं. मग कानातून नळ्या काढून त्यांनी त्या फुंकल्या, झटकल्या.

"बिघडलंय वाटतं हे," त्या हसून म्हणाल्या. "ए, तू ये गं जरा. तुझ्या पाठीवर बघते चालतंय का."

नाही म्हणायला कारण काय सांगायचं? थोरली पाठ करून उभी राहिली. पाठीला स्टेथोस्कोपचा गार स्पर्श झाला. वर्षभर रोज झोपताना छातीत एक ठकठक यायची आणि आपलंच काळीज म्हणून ती कूस बदलायची.

डॉक्टरीणबाईंनी बोट उचललं असेल. अजून ते पाठीला लागलं नव्हतं, आणि मागून त्यांचा घाबरलेला आवाज आला, "अगं... तू ठोकलंस का?"