आजोबांचा खुळखुळा

"चार वाजता भंगारवाला येतोय," मावशीने फोन ठेवला आणि गाडीकडे पाठ फिरवली. "आता मला कुणी काही विचारू नका."

चौकशीला नेमकं तेव्हाच खूप काही विचारायचं होतं. बारा वर्षांच्या या मुलीला घरात खऱ्या नावाने कुणी हाकच मारत नसे, सगळे 'चौकशी'च म्हणत, इतके तिचे प्रश्न. पण मावशीचे डोळे भरलेले दिसले आणि तिने ओठावर आलेला प्रश्न गिळला.

सुट्टीचा नुसता विचका झाला होता. आजोबांच्या जुन्या गाडीतून तळ्यावर जायचं, तंबू ठोकायचा, हे महिनाभर ठरत होतं. आजोबा गेल्या वर्षी गेले आणि मावशी त्यांची ही गाडी जिवापाड जपत होती. आज सकाळी गॅरेजच्या मिस्त्रीकाकांनी बॉनेट उचललं, मागचा निळा धूर बघितला, तेल मोजायची पट्टी आपोआप वर आलेली बघितली आणि दोन मिनिटांत निकाल दिला, "इंजिन तेल पितंय. संपलं हे. काढून टाका." वर भंगारवालाही त्यांनीच सुचवला.

"नीट बघितलं तरी का त्यांनी?" चौकशी धुमसत होती.

"तू मिस्त्री आहेस का?" मावशीचा मुलगा म्हणाला. तो चौदा वर्षांचा, म्हणून सगळ्यांचा दादा, आणि म्हणून सगळ्यात शहाणा.

चौकशीची धाकटी बहीण छोटी गाडीतच बसून राहिली होती. खणात तिला आजोबांची गाडीची वही सापडली होती. "ऐका ना. 'खुळखुळा वाजेना. नवा बसवला.' पुढे परत लिहिलंय, 'खुळखुळा बदलला.'"

"आजोबांची हौस," दादा हसला. "आपल्यासाठी सारखे खुळखुळे आणायचे. आई नेहमी सांगते."

चौकशीने वही ओढून घेतली. "दादा, ही पहिली नोंद सोळा वर्षांपूर्वीची आहे. तेव्हा तू तरी होतास का?"

दादाने वाकून तारीख वाचली.

"आणि बसवला म्हणजे काय? बाळाच्या हातात खुळखुळा देतात. बसवतात कुठे? हा गाडीचाच काहीतरी भाग असणार." तिने भराभर पानं उलटली. शेवटचा खुळखुळा सहा वर्षांपूर्वीचा होता. त्यानंतर आजोबांना नीट दिसेनासं झालं आणि गाडी मिस्त्रीकाकांकडे जायला लागली. तेव्हापासून वहीत एक अक्षर नव्हतं.

दीड वाजला होता. तिघं गाडीच्या सुट्या भागांच्या दुकानाकडे धावली.

"खुळखुळा? खेळण्यांचं दुकान पलीकडच्या गल्लीत," काउंटरवरचा माणूस म्हणाला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला टाळी देऊन हसला. दादाचे कान लाल झाले. चौकशीच्या डोक्यात तिडीक गेली, पण ती हलली नाही. तिने वही उघडून काउंटरवर आपटली.

आतल्या खुर्चीवरून त्याची म्हातारी आई उठून आली. "हसतोस काय, तुझे वडील पण याला खुळखुळाच म्हणायचे," तिने मुलाला झापलं आणि गाडीचं नाव विचारून खोक्यातून अंगठ्याएवढी एक वस्तू काढली. कानाशी धरून हलवली. खुळखुळ, खुळखुळ. "पीसीव्ही वॉल्व्ह म्हणतात याला. इंजिनाच्या पोटात वाफा साठतात, त्या यातून परत जळायला जातात. हा तुंबला की पोट फुगतं आणि तेल मिळेल तिथून बाहेर पडतं, जळून निळा धूर होतो. सोबत ही रबराची रिंग पण न्या, जुनी तुटणारच."

वस्तू मिळाली, पण ती बसते कुठे? मावशीला कसंबसं पटवून बॉनेट उघडलं. अर्धा तास झाला, पाऊण तास झाला. दादाने हात काळे केले, छोटीने तीन वेळा "सापडला!" म्हणून भलतंच काहीतरी दाखवलं. चौकशीला रडू यायला लागलं होतं. अखेर ती स्टुलावर चढली आणि हवेच्या जाड नळीखाली तिने आंधळेपणाने हात घातला. रबरात रुतलेलं काहीतरी बोटांना लागलं.

ते निघता निघेना. दादाने पिळलं, मावशीने ओढलं, रिंगेचे तुकडे झाले, तेव्हा कुठे ते हातात आलं. डांबरासारख्या काळ्या चिखलाने भरलेलं. चौकशीने ते कानाशी धरून हलवलं.

काही वाजलं नाही.

नवा वॉल्व्ह बसतोय तोवर मिस्त्रीकाका आणि भंगारवाला दारात हजर. मावशीने गाडी चालू केली. भसकन निळा धूर आला.

"सांगितलं होतं ना," काका म्हणाले. भंगारवाल्याने दोर काढला.

"थांबा," चौकशी मध्ये आडवी आली. "आत उरलेलं तेल जळू दे. पाचच मिनिटं."

ती पाच मिनिटं संपता संपेनात. मग धूर पातळ झाला, आणखी पातळ झाला आणि थांबला. तेलाची पट्टी जागच्या जागी होती. चौकशीने जुना वॉल्व्ह काकांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी तो हलवला, पुन्हा हलवला आणि मान खाली घातली. "सहा वर्षं गाडी माझ्याकडे येतेय, पोरी. मी नुसतं तेल ओतत राहिलो. चुकलं माझं. तुझी नजर मिस्त्र्याची आहे."

भंगारवाल्याने दोर गुंडाळला.

मावशीने इंजिन बंद केलं, पण ती खाली उतरेना. "मी सगळ्यांना सांगत फिरले, बाबा सारखे खुळखुळे आणायचे, त्यांना नातवंडांची किती हौस होती," ती हसत हसत डोळे पुसत म्हणाली. मग तिने चौकशीला शेजारच्या सीटवर बसवलं आणि वही तिच्या मांडीवर ठेवली. "बाबांनी तुलाच सांगितलं असतं लिहायला."

आजोबांच्या शेवटच्या ओळीखाली चौकशीने तारीख टाकली आणि काळ्या बोटांनी लिहिलं, "खुळखुळा बसवला. वाजतो."