सुट्टीत कुठे गेला होतात?

पँट मागून फाटलेला माणूस दुकानात शिरतो तेव्हा पाठ भिंतीला लावूनच शिरतो. हाही तसाच आला, खेकड्यासारखा आडवा. पिशवी मागे धरलेली, कान लाल, आणि डोळे... डोळ्यांकडे मी नंतर पाहिलं. खरं सांगायचं तर लगेचच पाहिलं.

"बाकाला खिळा होता," तो म्हणाला. "आत्ता शिवून मिळेल का?"

"मिळेल. पडद्यामागे जा आणि काढून द्या."

"आणि तोवर मी...?"

"तोवर पडद्यामागेच. कोणी डोकावत नाही. मीसुद्धा."

पडद्याखाली त्याचे मोजे दिसत होते. एक निळा, एक काळा. मला हसू आवरेना.

कापड बेतायच्या टेबलाखाली माझी भाची बसली होती. तिची आई, म्हणजे माझी ताई, दुसऱ्या शहरात नोकरीला, पोरगी माझ्याकडे. घर म्हणजे दुकानामागची एक खोली, तेव्हा टेबलाखाली तिचा अभ्यास आणि तिथेच तिची बडबड. सकाळच्या गिऱ्हाईक बाईंची नक्कल चालली होती: "घट्ट नको हं, सैलही नको, आणि मी जाड दिसता कामा नये."

पडद्यामागून हसण्याचा आवाज आला. आणि एकदम थांबला. पडद्याच्या फटीतून एक डोळा टेबलाखाली बघत होता.

"ही... ही चौथीत आहे का?"

टेबलाखालून कुजबुज आली, "मावशी, आमचे सर."

माझं डोकंच फिरलं. म्हणजे तोंडी परीक्षेत पोरीला शून्य देणारे ते हेच. त्या शून्यापायी ती पाचवीत 'क' तुकडीत जाणार होती. मी स्वतः 'क' तुकडीतली. तिथे शिक्षक फळ्याकडे बघून शिकवायचे आणि आम्ही खिडकीकडे बघून शिकायचो. तिथून वर यायची वाट मला कधी सापडली नाही. तिचंही तेच होणार, या धास्तीनं मला कितीतरी दिवस घास गिळवत नव्हता.

"तुमची पँट माझ्या ताब्यात आहे, सर," मी म्हणाले. "तेव्हा नीट उत्तर द्या. तिला काय विचारलंत?"

"सुट्टीत कुठे गेला होतात, ते सांगा."

"बाकीच्यांनी काय सांगितलं?"

"समुद्र... डोंगर. एकजण विमानात बसून आला."

"आणि हिनं काय सांगायचं? टेबलाखालून दारापर्यंत जाऊन आले?"

"ती नुसती उभी राहिली. मला वाटलं, तिला बोलताच येत नाही." आवाज खाली गेला. "मी प्रश्नच चुकीचा विचारला."

इतक्या सरळ कबुलीची मला सवय नव्हती. भांडायची सगळी तयारी वाया गेली. मी पँट पडद्यावरून आत टाकली. रागातही शिवण मात्र दुहेरी घातली होती.

सरांनी परीक्षा पुन्हा घ्यायचं ठरवलं, पण मुख्याध्यापिका सहजासहजी ऐकणाऱ्यातल्या नव्हत्या. सर रोज जाऊन त्यांचं डोकं खायचे आणि काय झालं ते सांगायला संध्याकाळी दुकानात यायचे. रिकाम्या हातानं कसं यायचं, म्हणून एकेक शर्ट आणायचे.

"हे बटण ओढून तोडलंय," मी एकदा म्हणाले.

"कशावरून?"

"दोरा ताजा तुटलाय."

"मग... उद्या बाही उसवून आणू?"

हसता हसता सुई माझ्या बोटात गेली. "बघू," म्हणत त्यांनी हात पुढे केला, आणि चटकन मागे घेतला. मला राग आला तो मागे घेतल्याचा.

शेवटी मुख्याध्यापिका राजी झाल्या. सगळ्या वर्गाची परीक्षा पुन्हा, पण घेणार दुसऱ्या वर्गाच्या बाई. प्रश्न सरांनी सुचवला: संध्याकाळी तुमच्या घरी काय काय चालतं?

परीक्षेच्या दिवशी माझी एकही शिवण सरळ आली नाही. भाची शाळेतून आली ती थेट टेबलाखाली. विचारलं तर म्हणाली, "सर सांगतील." सर आले, तेव्हा हातात शर्ट नव्हता. मी सुई खाली ठेवली.

"गप्प बसली ना?"

"घंटा झाली तरी थांबेना. दुकान, गिऱ्हाइकं, सगळ्यांच्या नकला. बाई डोळे पुसेपर्यंत हसल्या." ते स्वतःच हसत होते. "ती 'अ' तुकडीत गेली."

मला रडूच फुटलं. समोर कोण आहे याचंही भान राहिलं नाही. त्यांनी रुमाल दिला आणि या वेळी हात मागे घेतला नाही.

"पण तिनं आणखी एक सांगितलं," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर. मी मागच्या बाकावर होतो."

"काय?"

"की संध्याकाळ झाली की मावशी पुन्हा वेणी घालते. सारखी रस्त्याकडे बघते. विचारलं तर म्हणते, गिऱ्हाईक यायचंय." त्यांचे कान लाल झाले. "वर्ग हसला. मला काही हसता आलं नाही. मला... ते खरं असावं असं फार वाटलं."

मी टेबलाखाली पाहिलं. तिनं पुस्तक तोंडावर धरलं होतं.

"परीक्षेत खोटं सांगायला," मी म्हणाले, "मी तिला शिकवलेलं नाही."