पात्याच्या मुळाशी

डोंगरातल्या आमच्या गोशेनन गावात पुरुष म्हटला की त्याच्या खिशात लष्कराचा चाकू असायचाच. सेवेची वर्षं भरली की बंदूक परत करावी लागते, चाकू मात्र राहतो. मग जन्मभर त्यानं चीज कापायचं आणि बायकोचे कान किटेपर्यंत सरावातल्या गोष्टी सांगायच्या. आमच्या वेळी बायकांना चाकूही नव्हता आणि मतही नव्हतं.

माझा भाऊ मेल्क सदुसष्ट सालच्या सरावात हिमनदीवर गेला, तो परतलाच नाही. तुकडीचा नाईक फुरर म्हणाला, "पळाला. इटलीत ठेवली असेल कोणी." लष्करानं तेच धरून ठेवलं. चर्चजवळच्या दगडावर सेवेत मेलेल्यांची नावं आहेत, त्यांत मेल्क नाही. आई त्या दगडाकडे न बघता प्रार्थनेला जायची आणि तशीच गेली. फुररचं नाव काढलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

गेल्या उन्हाळ्यात बर्फ बराच मागे सरला. डोंगरावरच्या निवाऱ्याचा राखणदार योझी एक चाकू घेऊन आला.

"काकू, बर्फाच्या कडेला पडला होता. ओळखीचा वाटतो का बघा."

ॲल्युमिनियमची मूठ, तिच्यावर क्रूस, शेजारी खिळ्यानं ओरखडलेलं एम. त्याचा शेवटचा पाय आखूड. मेल्क एम तसाच काढायचा. मी पातं उघडलं. चाकू बनल्याचं साल पात्याच्या मुळाशी ठोकलेलं असतं. ६४. मेल्क त्याच साली भरती झाला होता. मी चुलीपाशी बसून रडले.

दगडावरच्या नावांची समिती फुररच्या हातात. गुरं डोंगरावरून उतरली की तिची बैठक होते. मी वाट बघत होते, तेवढ्यात योझी पुन्हा आला. तीच जागा, दुसरा चाकू. तेच एम, तोच आखूड पाय. साल ७२.

"कुणीतरी चेष्टा करतंय," मी म्हटलं.

"तिथं चढून जाऊन?"

बिजागरीतलं ताजं तेल माझ्या बोटाला लागलं.

तिसऱ्या वेळी योझी आत आला नाही. चाकू त्यानं उंबऱ्यावर ठेवला. हिरवी-काळी मूठ, आताच्या रंगरुटांना मिळते ती. एम. साल १९. पात्याला चीजचं सालपट चिकटलं होतं, मऊ.

"त्याला सेवेतून रजा कुणी दिलीच नाही ना, काकू," योझी म्हणाला आणि निघून गेला.

हे नंतरचे दोन दाखवले असते तर फुरर म्हणाला असता, बघ, जिवंतच होता, पळालाच होता. मी ते कॉफीच्या डब्यात तळाशी घातले आणि बैठकीत पहिलाच चाकू टेबलावर ठेवला.

फुररनं श्नाप्स दारूचा पेला बाजूला सारला. आकड्यावरून अंगठा फिरवला.

"एकच सापडला, रेगुला?"

"एका माणसाला कितीक चाकू असतात, नाईकसाहेब?"

त्याचा अंगठा आकड्यावरून हलेना.

"कोरा नाव," शेवटी तो म्हणाला.

"इतकी वर्षं माझ्या आईला तोंड लपवायला लावलंत आणि आता..."

"कोरा म्हटलं ना!"

नाव कोरलं. बिगूल वाजला. पाद्री म्हणाले, "मेल्क, आज तू सेवेतून मोकळा झालास." आईला हे ऐकायला मिळालं नाही, याचं दुःख मला त्या बिगुलापेक्षा मोठं वाटलं.

घरी येऊन डबा उघडला. मुठींवरचे ओरखडे गेले होते. दोन्ही चाकू कोरे करकरीत.

यंदा बर्फ आणखी मागे गेला. काल योझी आला. त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी होतं.

"मी उघडून बघितलेलं नाही," तो म्हणाला.

हिरवी-काळी मूठ. साल पुढच्या वर्षाचं.

अक्षर एम नव्हतं. आर होतं. माझं, रेगुलाचं आर, शेवटचा पाय आखूड.