पालखीचा किरमिजी दांडा

"विठू, दांड्याला नाक लाव!"

"तूच लाव गे! तुझं लांब आहे."

तारानं खरंच नाक लावलं. शी! रॉकेलसारखा भपकारा!

डिचोलीच्या देवळाच्या आवारात पालखीचा लाकडी दांडा टेम्पोची वाट बघत पडला होता. जत्रेत त्याचा रंग भोयांच्या पांढऱ्या सदऱ्यांना लागला. कमिटीच्या गोकुळदासबाबांनी लगेच ठरवून टाकलं, यापुढे रंगकाम वास्कोच्या पेंटरकडे! ताराचे आजोबा कृष्णनाथ चितारी यांचा पिढीजात मान गेला!

"आजोबांच्या लाखेला असला वास नसतो. चल, विचारू!"

पडवीत बसलेले आजोबा ऐकून ताठच झाले. "पोर्तुगीज गेले त्या वर्षी बसवलेली लाख ती! गोकुळदासांना सांगितलं होतं, दांडा किरमिजी आहे, नुसतं फडकं फिरवा."

"किरमिजी म्हणजे तांबडाच ना?" विठूनं उंडो पाव चावत विचारलं.

"तांबडी तर मिरचीपण! किरमिजी म्हणजे किड्यापासून झालेला. फारसीत किर्म, आपल्यात कृमी. लाखही किडाच करतो, म्हणून आमच्या घरात तिच्या रंगालाही हाच शब्द. लाकूड शेकून लाख बसवायची, केवड्याच्या पानानं घासायची. मग टर्पेंटाईन ओता, ढिम्म हलणार नाही!"

"टर्पेंटाईन?" दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि धूम ठोकली!

तासाभरात टर्पेंटाईनच्या फडक्यानं दांड्याचं एक टोक घासून झालं. वरचा लाल रंग ओघळला, खालून गर्द किरमिजी चमकला! तेवढ्यात टेम्पो आला, मागून कमिटी आणि भोई.

"गोकुळदासबाब," विठू साळसूदपणे म्हणाला, "तुमच्याएवढा जोर कुणाच्या खांद्यात नाही म्हणे!"

बाब फुगले. त्यांनी घासलेलं टोक उचललं. सदरा स्वच्छ!

"आता दुसरं!" विठू म्हणाला.

उन्हानं चिकट झालेलं दुसरं टोक टेकलं मात्र, खांद्यावर लालभडक पट्टा! भोई खो खो हसले.

"खालचा रंग आजोबांचा," तारा म्हणाली. "वरचा कुणी फासला?"

"मीच!" बाब पुटपुटले. "जत्रेआधी जरा उजळवावा म्हटलं. घरात लाल डबा होता. मला काय ठाऊक, लाल लालात एवढा फरक! वाटलं, खालचाच सुटतोय."

म्हातारे पांडुरंग भोई पुढे झाले. "इतकी वर्षं वाहतोय, सदरा कधी रंगला नव्हता. शाब्बास गे पोरी! टेम्पो परत जाऊ दे. मान कृष्णनाथचाच!"

गोकुळदासबाबांनी स्वतःच टर्पेंटाईनचं फडकं उचललं.

पोरांमागोमाग आलेल्या आजोबांनी ताराच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या खेपेला लाख ही बसवेल. आमच्या घरातली नवी चितारी!"